विचारलं तेवढंच

२०२३ च्या मार्चमधली गोष्ट. कोल्हापुरात कसबा बावडा रस्त्यावर कोर्टाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा होतो. गाऊन काखेत मारलेला, गळ्यातला बँड काढून खिशात कोंबलेला, ज्युनिअर गाडी काढायला गेलेला. ऊन असं की वितळत्या डांबराचा वास नाकात बसत होता. चरकाची घुंगरं वाजत होती, रसवाला चिपाडात आल्याचा तुकडा दुमडून घालत होता, आणि पाठीमागून आवाज आला, "सायेब, मी बरूबर बोलले न्हवं?"

वळून बघितलं तर मघाचीच बाई. सरकार पक्षाची अकरावी साक्षीदार. वीस मिनिटांपूर्वी मी तिची उलटतपासणी संपवली होती. एक बुडालेली पतपेढी, तिच्या चेअरमनवर ठेवीदारांच्या फसवणुकीचा खटला, चेअरमनचा वकील मी, आणि ही ठेवीदार. पहिल्यांदा वाटलं, बाई टोमणा मारते आहे. साक्षीदारांच्या शिव्या कोर्टाबाहेर मी पुष्कळ खाल्ल्यात. एकानं माझ्या गाडीच्या काचेवर तोंडातलं पान रिकामं केलं होतं आणि ते पुसताना मला त्याचा फारसा रागही आला नव्हता. पण हिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. तोंडी परीक्षा देऊन आलेलं पोर मास्तरांकडे बघतं, तशी ती बघत होती. मी म्हटलं, "हो, नीट बोललात." ती खूष झाली. "तुमीच सांगितलं हुतं की तवा. इचारलं तेवडंच बोलायचं, भ्यायाचं न्हाई." मी नुसताच बघत राहिलो, तेव्हा तिनंच उलगडा केला. "वळाकलं न्हाई जनू. बांधाच्या केसमदी तुमीच हुता की आमचं वकील. खरवस दिल्ता बगा तुमास्नी."

खरवस म्हटल्यावर आठवलं. बाईच्या आधी मला खरवस आठवला, याची आता लाज वाटते. स्टीलचा डबा, झाकण निघू नये म्हणून सुतळीनं आवळलेला, वेलदोड्याचा वास आणि गुळाचा तांबूस रंग. ड्रॉवरमध्ये फायलींच्या बाजूला तो डबा मी दुपारपर्यंत लपवून ठेवला होता.

तिनं मला पिंजऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर ओळखलं होतं.

अकरा वर्षं मी सरकारी वकील होतो, १९९८ ते २००९. सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायला सात वर्षांची वकिली लागते. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी बोलून नावांची यादी करतात आणि त्यातून नेमणूक होते. माझ्या नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी वडील अंबाबाईला जाऊन आले आणि मला म्हणाले, "चला, आता कुणाच्या मागं फीसाठी फिरायला नको." फी मिळायची, पण पावसाळ्यातलं बिल पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा आमचं कोर्ट सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या दगडी इमारतीत होतं. पावसाळ्यात तिथल्या कागदांना एक कुबट वास यायचा, ओल्या गोणपाटासारखा, आणि समोरून वारा आला की त्यात दवाखान्याच्या फिनेलचा वास मिसळायचा. खुनाच्या खटल्यात शवविच्छेदन करणारे डॉक्टर रस्ता ओलांडून साक्षीला यायचे, साक्ष संपली की पुन्हा रस्ता ओलांडून ओपीडीत. वऱ्हांड्यातल्या बाकावर साक्षीदार बसलेले असायचे, मांडीवर भाकरीचं फडकं. पैरवी हवालदार त्यांची नावं पुकारायचा, आणि ज्याचं नाव पुकारलं जाई तो हमखास तंबाखू थुंकायला बाहेर गेलेला असे.

सरकारी वकिलाला अशील नसतो, हे लोकांना चटकन कळत नाही. फायलीवर 'महाराष्ट्र शासन' असतं आणि महाराष्ट्र शासन काही सकाळी चपला काढून तुमच्या ऑफिसात येऊन बसत नाही. येतो तो साक्षीदार. घाबरलेला, समन्सची घडी घालून घालून ती फाटायला आलेला. आमच्या वेळचे एक ज्येष्ठ म्हणायचे, सरकारी वकील कोर्टाचा असतो, पोलिसांचा नसतो. शिक्षा झाली म्हणून पेढे वाटायचे नाहीत. मी पेढे कधी वाटले नाहीत. पण शिक्षा झाल्यावर संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना माझी पावलं जरा जोरात पडत, हे कबूल करायला हवं.

ही बाई २००३ साली आली. बांधावरून चुलत भावकीत भांडण झालं, नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा बसला, सीपीआरमध्ये चौथ्या दिवशी तो गेला. प्रत्यक्ष बघणाऱ्यांत टिकली ही एकटीच. बाकीचे दोघं उभे राहिले आणि फितूर झाले; भावकीतलंच प्रकरण, गावात राहायचं होतं त्यांना. साक्षीच्या आदल्या दिवशी मी तिला ऑफिसात बसवून तिचाच पोलीस जबाब वाचून दाखवला आणि सगळ्यांना सांगायचो तेच सांगितलं. विचारलं तेवढंच बोलायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. आरोपीचा वकील अंगावर आला तरी भ्यायचं नाही, तो त्याचं काम करतोय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी आरोपीचे वकील दोन तास तिच्यामागे लागले. त्या काळचे नावाजलेले, आवाज असा की खिडकीवरची कबुतरं उडायची. बाई 'व्हय' आणि 'न्हाई' यांच्या पलीकडे गेली नाही. इतकी कोरडी, इतकी घट्ट साक्ष मी फार थोड्या बघितल्या. ३०४ भाग दोनखाली, सदोष मनुष्यवधाबद्दल, सात वर्षं लागली. साक्षीच्या कागदावर तिनं डावा अंगठा उठवला होता; शाई पुसायला काही मिळेना म्हणून तिनं तो कोर्टाच्या दगडी भिंतीला घासला, तेही आठवतं.

२००९ मध्ये मुदत संपली, पॅनेल बदललं. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. दोन महिने घरी बसलो. मग एक बँकेतला अधिकारी आला, खोट्या मूल्यांकनावर कर्जं दिल्याच्या आरोपात अडकलेला: फसवणुकीचं ४२०, बनावट कागदांची ४६७, ४६८, ४७१ आणि वर कटाचं १२० ब. ही कलमं एका श्वासात म्हणायची सवय पुढे अशी लागली की बायको म्हणते, झोपेतही गणिताचा पाढा चालू असतो. ती फाईल मी आठ दिवस वाचली. खुनाच्या खटल्यात काय, माणूस मेलेला असतो. रक्त असतं, बांध असतो, कुऱ्हाड असते. इथे नुसते कागद. आणि कागदात मला एक वेगळीच गोडी लागली. कुणाची सही कुठल्या तारखेची, शिक्का आधी मारला की नंतर, एकाच पेनाने दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी कशा. अकरा वर्षं पोलिसांचा तपास आतून बघितला होता, त्यामुळे तो कुठे कच्चा राहतो ते शोधावं लागत नव्हतं. पंचनाम्यात वेळ बघायची, जप्त रजिस्टरवर पंचांच्या सह्या बघायच्या, हस्ताक्षरतज्ज्ञाला मूळ कागद पाठवला की झेरॉक्स ते बघायचं. सुतारानं दुसऱ्याचं कपाट बघावं तसं. तो अधिकारी निर्दोष सुटला. त्याच्या फीतून घरी इन्व्हर्टर आला. भारनियमनाचे दिवस होते, गल्लीत अंधार आणि आमच्या घरात ट्यूब. शेजारचे विचारायचे, केवढ्याला पडला?

असे चौदा वर्षांत किती तरी आले. पतपेढ्यांचे चेअरमन, दामदुप्पटवाले, भिशीवाले, सहकार खात्याच्या ८८ कलमाच्या चौकशीत अडकलेले संचालक. संचालकांत तर निम्मे असे की बैठकीत चहा पिऊन प्रोसिडिंगवर सही करायची एवढंच त्यांना माहीत. 'चारसोबीसवाला वकील' हे नाव मला वकिलांच्या बारमध्ये आपोआप पडलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, आणि ४२० चं ३१८ चं पोटकलम चार झालं. कायद्यात झालं, बोलण्यात कुठलं होतंय? "तो एक नंबरचा तीनशे अठरा माणूस आहे" असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

फसवणुकीच्या बचावाची सगळी वकिली एका शब्दावर उभी असते: सुरुवातीपासून. जुन्या दंड संहितेच्या ४१५ व्या कलमाखाली जी उदाहरणं दिली होती त्यात एक निळीचं आहे. ठरलेली नीळ देतो असं सांगून एकानं दुसऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले. घेतानाच द्यायची नव्हती, तर ती फसवणूक. पण घेताना द्यायची होती, पुढे करार मोडला आणि दिली नाही, तर फसवणूक नाही. जा दिवाणी कोर्टात आणि भरपाई मागा. संहिता १८६० ची, त्याच सुमारास बंगालातले निळीचे शेतकरी मळेवाल्यांविरुद्ध उठले होते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं कोण जाणे, पण त्या निळीनं आजपर्यंत भारतभर किती चेअरमन वाचवले याची गणती नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हेच पुन्हा स्वच्छ सांगितलं: वचन देतानाच बेइमानी मनात हवी, नंतर वचन पाळलं नाही एवढ्यावरून ती होती असं धरता येत नाही. हा निवाडा माझ्या बॅगेत कायम असतो. मधुमेहवाल्याच्या खिशात गोळी असते तसा.

यावर उतारा म्हणून आपल्याकडे १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आला. कोर्टात त्याला सगळे एमपीआयडीच म्हणतात. त्यात उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम प्राधिकारी नेमून मालमत्ता जप्त करायची, विकायची, ठेवीदारांना वाटायची. सरकारी वकील म्हणून त्या जप्त्यांचे अर्ज मी हौसेनं चालवले. मग २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. ऑफिसात बसलेल्या ठेवीदारांना मी काय सांगायचं? 'कायदा रद्द झाला' या वाक्याचा अर्थ त्यांना कळत नव्हता. गुन्हा रद्द झाला असं त्यांना वाटायचं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा तसाच कायदा वैध धरला आणि पुढे आमचाही जिवंत झाला. तो मेला तेव्हा मी त्याच्या बाजूला होतो, आणि उठून बसला तेव्हा समोरच्या टेबलाशी. त्या दिवशी बाररूममध्ये कुणी तरी हे हसत हसत काढलं. मीही हसलो, आणि दुपारी त्याच कायद्याखालच्या एका जप्तीला हरकत घेतली.

आता त्या मार्चच्या दुपारकडे येतो. अपील प्रलंबित आहे, म्हणून रेकॉर्डवर आहे तेवढंच लिहितो. अशील माझ्याशी काय बोलला ते कायद्यानं माझ्याबरोबर जळायचं आहे. पतपेढी कुठली, गाव कुठलं, हेही सांगत नाही.

बाईनं अडीच लाख ठेवले होते. चार गुंठे विकले होते, त्याचे. आधी पिग्मी चालू होती तिची. एजंट रोज सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर यायचा, तिथं ती म्हशी घेऊन यायची, वीस-तीस रुपये त्याच्या हातात टेकवायची आणि मशीनमधून निघालेली इवलीशी चिठ्ठी कमरेच्या पिशवीत जायची. पिग्मीवरून मुदत ठेवीवर. १४ टक्के. मी विचारलं, त्या वेळी मोठ्या बँकांत नऊच्या आसपास मिळत होतं हे माहीत होतं का? म्हणाली, म्हाईत न्हाई. व्याज किती वर्षं मिळालं? तीन. वेळेवर? व्हय. घरी आणून द्यायचे? व्हय, तिकडनं पोरगी यायची. मग मी आवाज जरा खाली आणला, जसा अशा वेळी आणायचा असतो. "म्हणजे ती तीन वर्षं तुम्हाला कुणी फसवलं नाही?"

"तवा न्हाई फसिवलं."

आणि तिनं पुढे बोलायला तोंड उघडलं. मला ते स्पष्ट आठवतं, खालचा ओठ थोडा पुढे आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, दमली असेल. पस्तीस वर्षांच्या वकिलीत हे क्षण ओळखता येतात: उत्तर पदरात पडलं की दुसरा प्रश्न विचारायचा नाही, बसून घ्यायचं. मी बसलो. सरकारी वकील मुलगा तरुण होता, पुढच्या मॅटरची फाईल चाळत होता. "फेरतपासणी?" जजसाहेबांनी विचारलं. "नाही." त्याच्या जागी मी असतो तर एकच प्रश्न विचारला असता: तेव्हा नाही, मग कधी? तो प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता. जुन्या सवयीनं, शब्दांसकट. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायलो.

आपल्या कोर्टात साक्ष लिहिली जाते त्याची एक गंमत आहे. गंमत म्हणायचं का, माहीत नाही. प्रश्न लिहिला जात नाही. वकिलाचा प्रश्न साक्षीदाराच्या उत्तरात विरघळतो आणि सगळं साक्षीदारच बोलला असं कागदावर येतं, तेही एका विशिष्ट भाषेत, जी महाराष्ट्रात कुणीच कुठेच बोलत नाही. तिच्या साक्षीचा सातवा परिच्छेद असा आहे: "हे म्हणणे खरे आहे की, मला पहिली तीन वर्षे व्याज नियमित मिळाले. हे म्हणणे खरे आहे की, सदर कालावधीत माझी फसवणूक झाली नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी जादा व्याजाच्या लोभाने ठेव ठेवली." या तिसऱ्या वाक्याच्या जागी प्रत्यक्षात ती म्हणाली होती, "लोब कसला वो सायेब, पोरीच्या लग्नाला हुतं." ते पोरीचं लग्न कागदावर नाही. आठवा परिच्छेद एका ओळीचा आहे: "पावतीवरील सही माझी आहे." मी पावती दाखवून विचारलं होतं, ही सही तुमची? तिनं पावती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम कौतुक आलं. "माझीच हाय. तितल्या पोरीनंच शिकिवली. अंगठा नगं म्हनली, सई कर." जजसाहेब टंकलेखकाला म्हणाले, "लिहा, पावतीवरील सही माझी आहे."

तिला सही पतपेढीनं शिकवली होती.

हे मला रसाच्या गाड्याजवळ उभा असताना जास्त जाणवलं. २००३ मध्ये भिंतीला घासलेला अंगठा आणि आता साक्षीच्या प्रत्येक पानाखाली, मात्रा डोक्यावरून निसटलेली, वेलांटी भलतीकडे गेलेली, पण सही. ज्यांनी तिचे अडीच लाख घालवले त्यांनीच. त्याच पोरीनं, जी व्याज घरी आणून द्यायची. ती पोरगीही आरोपपत्रात सतरावी साक्षीदार होती आणि तिचे स्वतःचे साठ हजार अडकले होते.

मी बाईला विचारलं, प्रांताकडे, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, ठेवीचा दावा लावलाय का? म्हणाली, लावलाय, झेरॉक्स जोडून. मूळ पावती कुठाय? म्हणाली, कोर्टात, "तुमी दाकवली न्हवं मघाशी, तीच." मग मला उमगलं की मी कुणाचा वकील म्हणून हे विचारतोय याचा मलाच पत्ता नाही, आणि मी गप्प झालो. रसवाल्यानं ग्लास पुढे केला. पैसे द्यायला खिशात हात घातला तर हाताला बँड लागला. तोवर तिनं कमरेची पिशवी सोडून दोघांचे चाळीस रुपये देऊन टाकले होते. "ऱ्हाऊ द्या वो," म्हणाली. गाडी आली. मी बसलो. तिनं काचेतून आत वाकून बघितलं आणि विचारलं, "मंग आता निकाल आपल्यासारका लागंल न्हवं?"

'आपल्यासारका'. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला काय कळली असेल सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही.

तिला सांगायला हवं होतं का, की बाई, मी आता तुमचा नाही? पिंजऱ्यात उभी राहताना मी कुठल्या टेबलाशी उभा आहे हे तिला दिसत होतं, पण त्या टेबलांचा अर्थ तिला कुणी सांगितला होता? २००३ मध्येही मी तिला सांगितलं नव्हतं की मी शासनाचा आहे, तुझा नाही. तेव्हाच्या गैरसमजात ती सुखी होती आणि तो मला सोयीचाही होता. बचावाच्या बाजूनं उभं राहण्याची मला लाज वाटत नाही, हे स्पष्ट लिहितो. घटनेच्या २२ व्या कलमानं अटक झालेल्या माणसाला त्याच्या पसंतीचा वकील दिलाय आणि कुणी तरी तो असावा लागतो. पोलिसांनी सरसकट सगळ्या संचालकांना उचललं तेव्हा त्यातल्या तिघांना मी जामिनावर बाहेर काढलं. त्यातला एक तर कर्जवाटपाच्या वेळी अर्धांगवायूनं अंथरुणात होता आणि प्रोसिडिंगवरची सही त्याची नव्हतीच. ते काम कुणी तरी करायला हवं होतं आणि मी ते चांगलं केलं. माझी अडचण वेगळी आहे. तिला मी जे शिकवलं ते सगळ्यात जुन्या, सगळ्यात स्वच्छ दिवसांतलं होतं, आणि तिनं ते वीस वर्षं सांभाळून ठेवलं, आणि ते वापरलं ते माझ्या प्रश्नावर.

पतपेढीच्या लेखापरीक्षकाची साक्ष नंतर झाली. त्याला सरकारी वकिलानं विचारलं, गैरव्यवहार नेमका कधी सुरू झाला? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, एका मार्चअखेरीस सात कर्जं नवी-जुनी केलेली दिसतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: थकलेलं कर्ज भरायला त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं, कागदावर जुनं फिटतं, थकबाकी झाकली जाते, लेखापरीक्षणाला वर्ग चांगला मिळतो. पुढच्या मार्चला एकोणीस. त्याच्या पुढच्या मार्चला त्यानं मोजणं सोडलं असावं, कारण आकडा सांगताना तो चाचरला. मी उलटतपासणीत विचारलं, पहिल्या सात कर्जांच्या वेळी परतफेड करायची नाही असा कुणाचा हेतू होता, हे दाखवणारा एक तरी कागद आहे? म्हणाला, नाही. खरंच नव्हता. तसा कागद कधीच नसतो. सात कर्जं नवी-जुनी करताना पुढच्या वर्षी सगळं सरळ करू असंच माणूस म्हणत असणार. मी घरी आल्यावर हिशेब मांडत बसलो होतो, माझा. बँकेच्या त्या अधिकाऱ्याची फाईल घेतली तेव्हा म्हटलं होतं, हे एक प्रकरण, मग दिवाणीकडे वळू. तो माझा पहिला मार्च असेल का, की त्याच्या आधीचा, रंकाळ्यावर पावलं जोरात पडायची तेव्हाचा? तारीख सापडत नाही.

निकाल २०२४ मध्ये लागला. ४२० मधून चेअरमन सुटले. सातवा परिच्छेद निकालपत्रात जसाच्या तसा उतरवलाय. ४०९ खाली, विश्वासघाताबद्दल, शिक्षा झाली. उच्च न्यायालयात अपील दाखल झालं, शिक्षा स्थगित झाली. मुंबईतल्या तारखांसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सीएसएमटीला उतरून कुठं तरी तोंड धुवायचं आणि बोर्डावर नंबर लागला नाही म्हणून रात्रीच्या गाडीनं परत, हे आमच्याकडच्या वकिलांनी आयुष्यभर केलं. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त चाललेली मागणी होती. त्या दिवशी म्हातारे वकील हलगीवर नाचले म्हणतात, मी नाचलो नाही पण पेढा खाल्ला. बेंच बसतं ते सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात.

परवा गेलो होतो. भिंती धुऊन काढल्यात, दिवे नवे, खुर्च्यांना नवा कोरा वास. ओलीचा वास गेला. फिनेलचा अजून येतो, कारण दवाखाना आहे तिथेच आहे. वऱ्हांड्यातला बाक नव्हता. अपिलांच्या कोर्टात साक्षीदार येत नाहीत, मग बाक कशाला? त्या जागी उभा राहून मी भिंतीवर उगाच नजर फिरवली. अंगठा घासल्याची खूण तेवीस वर्षांनी राहणार होती थोडीच, आणि वर रंगही झालाय.

ज्युनिअर युक्तिवादाच्या संकलनाची पानं लावत होता. हुशार पोरगा आहे, कागद कमी ठेवावेत हे त्याला कळतं. "सर, साक्षीदार अकराचा फक्त परिच्छेद सात लावतो. बाकी काही आपल्या कामाचं नाही."

"पूर्ण लाव."

"पूर्ण? सहा पानं होतील."

"सहीच्या पानापर्यंत," मी म्हटलं.

त्यानं सहाही पानं काढली आणि टोचा मारून दोऱ्यात ओवली. परिच्छेद सातवर त्यानं पिवळं मार्कर आधीच मारून ठेवलं होतं.